जुन्या रूपाची, मोजक्या संख्येची मोटार

उन्हाळा आला की भातकुलीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. काहींचे अंग पत्र्याचे असते, काहींचे फायबरचे. फुटलेल्या फायबरच्या कडेला बोट लावले तर काचेचे बारीक तंतू टोचतात. याच पदार्थामुळे महाराष्ट्रात एक आगळी मोटार तयार होऊ शकली.

इंग्लंडमध्ये 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही दोन आसनी उघडी गाडी आणली. चाके अंगाबाहेर, तोंड लांब, वजन अगदी कमी. सुट्या भागांचा संच विकत घेऊन ती घरी जोडता येई. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे 2000 च्या दशकात अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच धर्तीची 'रोडस्टर' बांधली. रूप जुने, अंग फायबरचे आणि इंजिन मात्र अँबॅसडरमध्ये वापरले जाणारे 1.8 लिटरचे इसुझू.

पत्रा का नाही? मोठे कारखाने पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबून काही सेकंदांत दार घडवतात. पण ठसे फार महाग असतात. समजा, त्यांना 10 कोटी रुपये लागले. गाड्या एक लाख केल्या तर एका गाडीवर 1,000 रुपये पडतात. शंभरच केल्या तर 10 लाख! फायबरचा साचा समजा 10 लाखांत झाला, तर शंभर गाड्यांत वाटून प्रत्येकीवर 10,000 रुपये येतात. मात्र काम हाताचे आणि सावकाश. साच्याला मेण लावायचे, त्यावर रंगीत राळेचा थर द्यायचा, मग काचतंतूंची चटई अंथरून पॉलिएस्टर राळ चोपडायची आणि रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. राळेत मिसळलेल्या द्रव्याने तिच्या लांब रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात व ती कडक होते. काच ताण सोसते, राळ तंतूंना जागच्या जागी धरते.

हलकेपणाचा लाभ न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. बल तेच आणि वस्तुमान निम्मे असेल तर त्वरण दुप्पट होते. म्हणूनच अवजड अँबॅसडरला बेताने ओढणारे इंजिन येथे चपळ वाटते.

पण अपघात झाला तर? पत्रा चेपताना आघाताची ऊर्जा शोषतो. साधे फायबर तडकते. म्हणून अशा गाडीचा भार आतल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर असतो. वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी तपासून घ्यावा, असा 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. पुण्याची ए.आर.ए.आय. ही 1966 साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या करते. चाचणीचा खर्चही ठशांसारखाच: गाड्या थोड्या, तर प्रत्येकीवर बोजा अधिक. छोट्या निर्मात्याची खरी अडचण येथेच आहे. तरीही ही तपासणी टाळून चालणार नाही. रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराला गाडी शंभरांतली की लाखातली, याने काय फरक पडतो?

शिक्षकांनी वर्गात एक गणित द्यावे. ठशाच्या पद्धतीत प्रत्येक नगाची मजुरी 100 रुपये आणि हातकामात 20,000 रुपये धरली, तर वरील आकड्यांवरून किती गाड्यांनंतर ठसा परवडू लागेल? उत्तर पाच हजारांच्या आसपास येते. जुन्या रूपाच्या गाड्या मोजक्याच का निघतात, हे मुलांना त्यातून उमगेल.