गोधडी, वाकळ व कंथा : घरगुती इतिहासाचें एक उपेक्षित साधन

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना संशोधकाचें सर्व लक्ष आंतील कागदांवर असतें; ज्या कापडांत ते बांधलेले असतात त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. घरोघरच्या गोधडीची गतहि अशीच झालेली आहे. वस्तुतः गोधडी म्हणजे कुटुंबाचें एक दप्तरच होय. तींत कागदांऐवजीं वस्त्रें थरावर थर रचून शिवलेलीं असतात, आणि तीं कोणाचीं व केव्हांचीं हें सांगणारी स्त्री हयात आहे तोंवरच हें दप्तर नीट वाचतां येतें. गोधडी कशी तयार होते, तिचा काळ कसा ठरवावा व ती संग्रहीं ठेवतांना कोणती दक्षता घ्यावी, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम नांवांचा विचार करूं. मराठींत गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. कर्नाटकांत कौदी म्हणतात, तर बंगालांत काँथा हें नांव चालतें. संस्कृतांतील ‘कंथा’ शब्द प्रसिद्धच आहे. चर्पटपंजरिका स्तोत्रांत वाटेवरच्या चिंध्यांची कंथा पांघरणारा विरक्त दिसतो, आणि भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतहि जीर्ण कंथेचा उल्लेख येतो. अगदीं अलीकडे गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, तें याच परंपरेला धरून होय. तथापि विरक्ताची कंथा ही त्यागाची खूण आहे, तर गृहिणीची गोधडी ही संग्रहाची. येथें आपणांस दुसरीचाच विचार कर्तव्य आहे.

या संग्रहाचा आरंभ घरांतील बोचक्यापासून होतो. विरलेलीं लुगडीं, धोतरें, पटके, चोळ्यांचे खण, मुलांचीं अंगडींटोपडीं हीं सर्व त्यांत वर्षानुवर्षें सांठत जातात. जुन्या कपड्यांना घरांतून बाहेर पडण्यास बोहारणीची पाटी ही एक वाट, व गोधडी ही दुसरी. कोणतें वस्त्र भांड्यावर घालावयाचें आणि कोणतें राखावयाचें, ही निवड गृहिणी करीत असते. म्हणून गोधडींत आलेलें कापड केवळ योगायोगानें आलेलें नसतें. तें मुद्दाम राखलेलें असतें.

गोधडीस बसतांना लांबरुंद लुगडें अस्तरास घेतात. अधिक विरलेलीं कापडें मधल्या थरांत जातात, आणि टिकाऊ तुकडे व काठ वरच्या बाजूस व कडेला येतात. थर जमिनीवर पसरून, सुरकुत्या हातानें काढून, लांब लांब टांक्यांनीं ते तात्पुरते पक्के करितात. नंतर कडेपासून मध्याकडे जवळ जवळ ओळींनीं धांवदोरा घालीत जावयाचें. एकट्या बाईस हें काम फार दिवस पुरतें. म्हणून सुगी आटोपल्यावर व पाऊस पडण्यापूर्वीं शेजारणी एकत्र येऊन, शेतीतील सावडीप्रमाणें, आज एकीची तर उद्यां दुसरीची अशा पाळीनें गोधड्या शिवीत. चौघी चार कडांस बसल्या म्हणजे काम झपाट्यानें उरकतें, आणि कोणता तुकडा कोणाचा याची उजळणीहि तेथेंच होते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. एकाच पोथींत दोन लेखकांचीं वळणें आलीं, तर तीं जाणत्यास तत्काळ ओळखूं येतात. टांक्यांचेंहि तसेंच आहे. टांक्याची लांबी, दोन ओळींतील अंतर व दोऱ्याचा ताण हीं प्रत्येक हाताचीं निराळीं असतात. पुष्कळ हातांनीं शिवलेल्या गोधडींत एक हात संपून दुसरा कोठें सुरू झाला, हें बारकाईनें पाहिल्यास बहुधा दिसतें. आपल्याकडील गोधडीवर नांव नसतें, पण ‘हात’ असतो.

या कलेचा एक ठळक नमुना उत्तर कानडा जिल्ह्यांतील यल्लापूर, हल्याळ व मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी लोकांत आहे. हे सिद्दी इतिहासप्रसिद्ध जंजिरेकरांहून निराळे होत. यांच्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीज अमलांतील गोव्यांत गुलाम म्हणून आणले गेले व तेथून निसटून घाटावरील रानांत वसले, असें मानितात. यांच्या स्त्रियांनीं शिवलेल्या ‘कवंदा’च्या चारी कोपऱ्यांस घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचीं फुलें असतात, त्यांवांचून कवंद अपुरें समजतात. शिवण मध्यापाशीं येऊन मिळण्यापूर्वीं आंत तांदुळाचे चार दाणे घालावयाचे, म्हणजे कवंदाचें पोट रिकामें राहत नाहीं, असाहि प्रघात नोंदलेला आहे. ख्रिस्ती घरच्या कवंदावर क्रूस, तर मुसलमान घरच्यावर चंद्रकोर आढळते.

बंगालांत याच कामास चित्रांची जोड मिळाली व कांहीं काँथांवर शिवणारणीनें आपलें नांवहि सुईनें लिहिलें. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनीं असे काँथे वेळींच जमविले, म्हणून ते अभ्यासास उपलब्ध झाले.

आतां कालनिर्णयाविषयीं. रुमालांतील शेवटचा कागद ज्या सालचा, त्यापूर्वीं तो रुमाल पुरा झालेला असूं शकत नाहीं. तोच न्याय येथेंहि लावावा. गोधडींतील सर्वांत नवें कापड हीच तिची पूर्वमर्यादा. पर्किनचा पहिला कृत्रिम रंग १८५६ सालचा. मुंबईच्या पहिल्या कापसाच्या गिरणीचें कामहि त्याच सालीं सुरू झालें. कृत्रिम नीळ बाजारांत आली ती १८९७ सालीं. नायलॉनचा वा टेरिलीनचा तुकडा निघाला, तर ती गोधडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील समजण्यास हरकत नाहीं. मात्र जीर्ण गोधडीवर नवें पांघरूण चढविण्याची चाल असल्यामुळें वरचा थर नवा व पोटांतले जुने असा प्रकार वारंवार संभवतो. यास्तव एका तुकड्यावरून सगळ्या गोधडीचा निकाल देऊं नये.

पोटांतले थर पाहण्यासाठीं गोधडी उसवण्याचा मोह मात्र टाळावा. इंग्लंडांतील १७१८ सालच्या एका रेशमी तुकडेकामाच्या पांघरुणांत, तुकड्यांस आकार देण्यासाठीं घातलेले कागद अद्याप आंतच आहेत. ते कोणी काढले नाहींत, म्हणूनच त्यांची साक्ष शाबूत राहिली. उसवलेली गोधडी म्हणजे पुन्हा चिंध्याच. एकाद्या उसवलेल्या कडेंतून जें दिसेल तेवढें टिपून घ्यावें. जुनी गोधडी धुऊं नये, कडक उन्हांत टाकूं नये, व एकाच घडीवर वर्षानुवर्षें ठेवूं नये. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडासह सैल गुंडाळी करून ठेवणें बरें.

याहून महत्त्वाचें काम नोंदीचें आहे. गोधडी हातीं येतांच गांव, घर, शिवणारणींचीं नांवें, शिवल्याचा सुमार आणि ओळखूं येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची हकीकत घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून लिहून घ्यावी व तो कागद गोधडीबरोबरच ठेवावा. कापड जपून ठेविल्यास शंभर वर्षें टिकेल. परंतु हें लुगडें कोणत्या लेकीच्या लग्नांतील, तें धोतर कोणाच्या आजोबांचें, हें सांगणारें माणूस तितकें टिकत नाहीं. संग्राहकांनीं जें करावयाचें तें याच पिढींत केलें पाहिजे.