खरेदीची यादी आणि दहा बाय दहाची खोली

चिखलीत बसस्थानकाकडच्या एका चहाच्या टपरीवर रात्री साडेआठनंतर गाणारे-वाजवणारे जमतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा असतो, भीमगीते गाणारा असतो, कीर्तनात मृदंगाची साथ करणारा असतो आणि घरच्या लॅपटॉपवर चाली बांधणारा विशीतला पोरगाही असतो. पूर्वी इथे बोलणे चालायचे ते कुणाला कुठली सुपारी मिळाली, बिदागी किती ठरली आणि ती कोणी बुडवली, यावर. आता पहिला प्रश्न असतो, "काय घेतलं?" आणि दुसरा, "आता काय घेऊन राहिला?"

मी वादक नाही. तरुणपणी रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केली, तिथे आवाजाचे वेड लागले आणि पुढे मिळेल ते पुस्तक आणून वाचत गेलो. आमच्या भागातल्या गोंधळी, भजनी, शाहीर मंडळींचे आवाज जमवणे हा माझा वीसेक वर्षांचा नाद. त्यामुळे या टपरीवरच्या याद्या मी कान देऊन ऐकतो, घरी आल्यावर वहीत टिपतो. यादी बहुधा एकसारखीच असते. आधी कंडेन्सर माइक, मग ऑडिओ इंटरफेस, मग मोठे मॉनिटर स्पीकर. सोयाबीन विकले की एक, लग्नसराई संपली की दुसरे, नाहीतर हप्त्यावर. माझे म्हणणे एवढेच, की या यादीचा क्रम उलटा आहे. उलट्या क्रमाची किंमत मी स्वतः मोजली आहे. पुढे त्याबद्दल सांगतो.

आधी हे घरात आले कसे, ते पाहू. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्याच्या तोंडाशी गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ ओढायची. नंतर मायक्रोफोन आला, टेप आली, आणि स्टुडिओ ही मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीची मालमत्ता झाली. चिखलीच्या कलावंताला कॅसेट काढायची तर मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा लागे, आणि आमच्या गावाला तर रेल्वेही नाही. १९७९ मध्ये जपानच्या टीअॅक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज चार पट्ट्यांत घेण्याची सोय त्यात होती. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने अशाच यंत्रावर, शुअर कंपनीचे दोन साधे माइक लावून, घरी गाणी मुद्रित केली. ती नमुन्यादाखल होती; पण पुढे वाद्यवृंदासह केलेले मुद्रण बाजूला ठेवून तीच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध करण्यात आली. आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये मद्रासच्या कोडंबाक्कम भागात घराच्या अंगणात स्टुडिओ उभारला आणि १९९२ चा 'रोजा' तिथून घडला. २०२० च्या जानेवारीत ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बमचा मान बिली आयलिश या अठरा वर्षांच्या मुलीला मिळाला, तो बव्हंशी तिच्या भावाच्या झोपण्याच्या खोलीत केलेल्या मुद्रणासाठी.

ही उदाहरणे टपरीवरच्या पोरांना तोंडपाठ आहेत. त्यांतून ते एकच अर्थ काढतात : चांगले सामान घेतले, की घरातही होते. स्प्रिंगस्टीनचे सामान मात्र त्या काळातही स्टुडिओच्या मानाने किरकोळच होते, हे कुणी लक्षात घेत नाही.

आता यादीतल्या वस्तू एकेक करून पाहू. माइकचे दोन प्रकार आपल्या कामाचे. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलले की वीज निर्माण होते. मंचावर सगळीकडे दिसणारा शुअरचा एसएम ५८ हा असाच, १९६६ पासूनचा. कंडेन्सरमध्ये पडदा आणि त्याच्या मागची पट्टी यांच्यातले अंतर बदलले की विद्युतभार धरण्याची क्षमता बदलते आणि त्यातून आवाजाचा संकेत मिळतो. त्याला बाहेरून वीज लागते, बहुधा ४८ व्होल्ट. तिला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून तो बारीकसारीक सगळे टिपतो. गायकाचा श्वास टिपतो, तसाच पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि चार भिंतींवरून परतलेला आवाजही टिपतो. महागडा माइक म्हणजे खोलीची चहाडी जास्त नेटाने सांगणारा माइक.

इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देणारी पेटी. फोकसराइटची 'स्कार्लेट' ही लाल पेटी २०११ पासून घराघरांत गेली. पेटी कुठलीही घ्या, एक गोष्ट समजून घ्यावी. संगणक आवाज घोटाघोटाने पितो. त्या घोटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असताना १०२४ नमुन्यांचा घोट ठेवला, तर एकवीस मिलिसेकंद उशीर होतो. एवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे चोवीस फूट जातो. म्हणजे गायकाला स्वतःचाच गळा चोवीस फुटांवरून ऐकू येतो, मग त्याची लय ढळते आणि दोष त्याच्या माथी येतो. घोट १२८ वर आणला, की तेच अंतर तीन फुटांचे होते. जाणे-येणे मिळून प्रत्यक्षातला उशीर याहून थोडा जास्तच असतो. हा फरक एका बटणाचा आहे, नव्या पेटीचा नाही.

आता खोलीकडे येतो. आमच्याकडे घर बांधताना दहा बाय दहाची खोली सर्रास काढतात आणि स्लॅबही दहा फुटांवरच टाकतात. आवाजासाठी याहून वाईट खोली नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो आवाज नेमका बसतो, तो तिथे घुमतच राहतो. दहा फुटांच्या अंतराला हा आवाज सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा, आणि त्याच्या दुप्पट ११३, तिप्पट १७० असा पुढे. खोली दहा बाय बारा आणि उंची नऊ फूट असेल, तर ५६, ४७ आणि ६३ असे तीन वेगवेगळे घुमारे होतात आणि ओझे वाटले जाते. लांबी, रुंदी, उंची सारखीच असली, की तिन्ही घुमारे एकाच जागी एकमेकांवर चढतात. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण शंभर ते दीडशे कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे ११३ चा घुमारा थेट गळ्यावर बसतो. त्यात खोलीच्या अगदी मधोमध बसलात तर ५६ चा घुमारा तिथे ऐकूच येत नाही आणि ११३ चा सर्वांत मोठा येतो.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्या एका खेड्यात एक वयोवृद्ध गोंधळी होते. संबळ, तुणतुणे, दिवटी सगळे घरचे. रेणुकेच्या कथेचा त्यांचा पाठ त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला, कुठे लिहिलेला नाही. मी पैसे साठवून, काही उसने घेऊन, नवा कंडेन्सर माइक आणला होता. त्यांना घरी बोलावले. माझी खोली दहा बाय दहाची, स्लॅब दहा फुटांवर. मी माइक मोठ्या आदराने खोलीच्या बरोबर मध्यभागी ठेवला आणि बाबांना त्यापुढे बसवले. दोन तास कथा झाली. हेडफोन लावून ऐकवले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हा माहा आवाज नाही भाऊ. आडात उतरून कोणतरी बोलून राहिलं."

मला ते विनोदाने बोलले असे वाटले. मुद्रण पुन्हा करू, असे ठरले. मी मात्र त्याआधी आणखी चांगला माइक घ्यायच्या मागे लागलो. वर्ष गेले. माइक आला, पण तोवर बाबा गेले होते.

आडातला तो आवाज माझ्याकडे अजून आहे. घुमारा काढणारी सॉफ्टवेअरे आता मिळतात, ती चालवून पाहिली. घुमारा उतरतो, पण त्याच्याबरोबर गळ्यातली खरखर जाते, आणि बाबांचे सारे त्या खरखरीत होते. आज त्यांच्या कथेचा जो तुकडा ऐकण्यासारखा उरला आहे, तो त्यांच्या नातवाने अंगणातल्या निंबाखाली साध्या मोबाइलवर घेतलेला, जेमतेम अकरा मिनिटांचा. तो पोरगा हातभर अंतरावर बसला होता आणि भोवती भिंती नव्हत्या. त्याला दुसरे काही करावे लागले नाही.

म्हणून टपरीवर कीबोर्डवाल्याने विचारले, "दादा, मंग पैसे कशात घालावं?" तेव्हा मी त्याला पुढचा क्रम सांगितला. तोच इथे मांडतो.

पहिली खरेदी खोलीची, आणि ती आपल्या कापसाच्या मुलखात स्वस्तात होते. खोलीत उभे राहून टाळी वाजवा. टर्रर्र असा उलट आवाज आला, तर भिंती उघड्या आहेत. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका; ते पातळ आणि हलके, त्यांनी दिसण्यापलीकडे काही बदलत नाही. घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्या पिंजून घ्या आणि भिंतीपासून चार बोटे सोडून टांगा. मधला आणि वरचा आवाज त्या चांगला शोषतात. खालच्या घुमाऱ्याला जाडी लागते, म्हणून गुंडाळलेल्या गाद्या चारही कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत रचा. घुमारा पूर्ण जाणार नाही, पण उतरेल. गायकाला मध्यभागी बसवू नका. एका भिंतीपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बसवा. आणि माइक वीतभर अंतरावर घ्या. अंतर दुप्पट केले, की गायकाचा थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो.

दुसरी खरेदी विजेची. मुद्रणात सारखा 'हूं' असा आवाज येत असेल, तर तो आपल्या ५० कंपनांच्या विजेचा. नवा माइक घेऊन तो जात नाही. जाणत्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. भारनियमनात स्वस्तातला चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर चालू असेल, तर त्याची घरघर वेगळी. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मुद्रण करावे.

तिसरी खरेदी कान झाकणाऱ्या हेडफोनची, चौथी एका डायनॅमिक माइकची आणि दोन तोंडांच्या लहान इंटरफेसची. मॉनिटर स्पीकर शेवटी. कारण चौकोनी खोलीत मधोमध बसून मिश्रण केले, तर खालचा सूर ऐकू येत नाही, म्हणून आपण तो वाढवतो. आणि तेच गाणे लग्नात मोठ्या स्पीकरवर लागले, की नुसता धुमधुमाट होतो.

पाचवी खरेदी यादीत कुणीच लिहीत नाही. चोवीस बिटांचे, ४८,००० नमुन्यांचे एका माइकचे मुद्रण मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला जवळपास पाचशे वीस. आठ पट्ट्यांचे तासाभराचे भजन चार गिगाबाइटच्या वर जाते. हे सगळे एका पेनड्राइव्हवर ठेवणे म्हणजे बी-बियाणे उघड्यावर ठेवणे. दोन हार्ड डिस्क घ्या आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा.

शेवटची गोष्ट फुकट आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांचे पहिले मुद्रण झाले. तबकड्या घडायच्या त्या दूर जर्मनीत. तिथल्या कारागिराला नाव कळावे म्हणून गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, असे सांगितले जाते. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असतेच. मुद्रण सुरू करताना गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, आणि ही चाल कुणाकडून आली, एवढे चार शब्द त्याच्याच तोंडून घ्या. नातवाच्या मोबाइलमधल्या अकरा मिनिटांत हे नाही. आणखी पन्नास वर्षांनी तो आवाज ऐकणाऱ्याला तो कुणाचा, हे कळणार नाही. म्हणून ते मी वहीत लिहून ठेवले आहे.

कीबोर्डवाल्याने परवा फोन केला. माइक अजून घेतलेला नाही. आईच्या जुन्या सहा गाद्या पिंजाऱ्याकडे टाकल्या आहेत आणि दिवाळीनंतर आजोळच्या भजनी मंडळाला घरी बोलावले आहे. त्यातले दोघे ऐंशीच्या पुढचे आहेत. त्याला म्हटले, गाद्या येईपर्यंत थांबू नको. अंगणात बसव, मोबाइल हातभर अंतरावर धर, आणि आधी नाव विचार.