न्योकी घरी जमते, आणि नागपूरकरांना तर नक्कीच

इटलीची न्योकी म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे छोटे मऊ गोळे. ती अवघड मानली जाते, पण आपल्या नागपुरी गोळाभाताला जे भान लागतं तेच इथेही पुरतं. गोळाभातासाठी हरभरा डाळीच्या भरड्यात मोहन सढळ आणि पाणी बेताचं घालतो, म्हणून गोळे भातात वाफवूनही खुसखुशीत राहतात. न्योकीचंही सगळं गणित पाण्याचं आहे. बटाटा चिरून उकडला की पाणी शोषतो. मग मैदा जास्त लागतो आणि गोळे चिवट होतात. म्हणून अर्धा किलो जुने बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोलून कुस्करा, वाफ जाऊ द्या. मग मीठ आणि साधारण १२५ ग्रॅम मैदा घालून पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच एकत्र करा. जास्त मळलं की मैद्याचा चिवटपणा वाढतो.

अंडं घातलं नाही तर गोळे फुटतील, अशी शंका येते. पण कोरड्या बटाट्याला मैदा पुरेसा धरून ठेवतो. खात्रीसाठी आधी एकच गोळा उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडून बघा. वर तरंगला की झाला. महागड्या चीज किंवा सॉसवाचूनही अडत नाही. लसूण, सुकी लाल मिरची आणि लोण्यात गोळे परतले तरी पुरे. उरलेल्या टोमॅटोच्या साराबरोबरही छान लागतात.

पीठ सैल झालं किंवा गोळे विरघळले, तर बटाटे कसे उकडले ते कमेंटमध्ये लिहा. कारण शोधून नक्की सांगेन.