हप्ता दिला होता की नव्हता?

ताई, बैठकीत एक म्हणते "हप्ता दिला", सचिव म्हणते "नाही". लगेच कुणाला खोटं पाडू नका. प्रसंगातली माणसं, जागा, बोलणं असे तुकडे मेंदूत वेगवेगळीकडे राहतात; हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांची मोट बांधतो. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन यांच्या फिट थांबवायला दोन्हीकडचा हा बराचसा भाग काढला. जुनं पुष्कळ आठवायचं, नवं मात्र लक्षात राहीना. नेहमी भेटणारी डॉक्टरसुद्धा नवखीच!

आठवताना मेंदू तुकडे नव्याने जुळवतो, रिकामी जागा सवयीने भरतो. दरमहा हप्ता देणारीला याही महिन्यात दिल्याचं अगदी मनापासून आठवू शकतं. घेणारीचंही तसंच. म्हणून पैसे हातात पडले की तिथल्या तिथे पासबुकात नोंद अन् दोघींची सही. घरी जाऊन लिहू, असं नको.