एकच बग्गी, निराळी जमीन

रिमोटवर धावणारी मोटार म्हणजे लहान मुलांचे खेळणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एक दशांश आकाराच्या विजेवरील बग्गींच्या शर्यती अनेक देशांत अत्यंत गांभीर्याने खेळल्या जातात. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झाली. १९८७ मध्ये इंग्लंडमधील रोमसी येथे फोर व्हील ड्राइव्ह गटाचे विजेतेपद जपानच्या मासामी हिरोसाकाने शूमाकर या ब्रिटिश कंपनीच्या बग्गीवर पटकावले, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

चारही चाकांना जोर मिळत असल्याने ही बग्गी कोठेही सारखीच धावेल, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात कोरड्या मातीवर जी जुळणी गाडीला सावरून धरते, तीच कार्पेटवर तिला उलथवून टाकते. शर्यत असते जेमतेम पाच मिनिटांची. गाडी एकदा उलटली की मदतनीस ती सरळ करीपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात पुढचे स्पर्धक दिसेनासे होतात.

जुळणीची सुरुवात टायरपासूनच व्हायला हवी. मोकळ्या, भुसभुशीत मातीत उंच टोकांचे टायर लागतात. ती टोके माती उकरत पुढे जातात. पण दिवसभर गाड्या फिरून वरची धूळ उडाली आणि खालची टणक जमीन रबराने काळपट झाली, की हीच टोके वाकतात व गाडी डगमगू लागते. तेथे जवळजवळ गुळगुळीत, मऊ रबराचे टायर अधिक पकड देतात. कार्पेट आणि कृत्रिम गवत यांसाठी बारीक काटेरी टायर असतात. टायर चुकला असेल तर पुढची सारी खटपट व्यर्थ आहे. रंगीत अॅल्युमिनियमच्या सुट्या भागांवर पैसे उधळणाऱ्या हौशी मंडळींनी तेवढ्या रकमेत टायरचे आणखी दोन जोड घेतले, तर त्यांचे नक्कीच भले होईल.

त्यानंतर येते ती जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची. खड्डे आणि उंचवटे असलेल्या मातीवर ती साधारण २० ते २४ मिलिमीटर ठेवतात, कार्पेटवर १५ ते १८. फरक काही मिलिमीटरांचाच, पण कार्पेटवर चाके घसरतच नाहीत, ही तिथली खरी अडचण आहे. वळणावर चाक जमिनीला चिकटून राहते, गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते आणि बग्गी कोलांटी खाते. म्हणूनच तेथे उंची कमी, स्प्रिंग कडक आणि अँटी-रोल बार जाड ठेवले जातात. काही चालक तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर देतात, जेणेकरून ती कड जमिनीत रुतू नये. पकड मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या खेळात पकड मुद्दाम घटवावी लागते, हे काहीसे गमतीचेच!

खडबडीत मातीवर मात्र हाच जाड बार घात करतो. तो डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जखडतो, त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढले की दुसऱ्याचीही पकड सुटते. तेथे बार पातळ बसवावा किंवा काढूनच टाकावा. शॉक अॅब्सॉर्बरमधील सिलिकॉन तेलही पातळ घ्यावे, म्हणजे चाके जमिनीचा माग सोडत नाहीत. मोठ्या उड्या असतील तर मात्र फार पातळ तेल चालत नाही. गाडीचा तळ जमिनीवर आपटतो. शिवाय हे तेल सकाळच्या गारव्यात दाटते आणि भर दुपारी सैलावते. सकाळी बेतशीर वाटलेली गाडी दुपारी उसळू लागली, तर दोष चालकाचा नसून उन्हाचाही असू शकतो.

फोर व्हील ड्राइव्हचे वैशिष्ट्य असलेला भाग म्हणजे पुढचे व मागचे डिफरन्शियल. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते आणि डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. त्यात भरलेले सिलिकॉन तेल जितके दाट, तितकी ही मोकळीक कमी. पुढे दाट तेल असेल तर वळणातून बाहेर पडताना पुढची चाके गाडीला जोमाने ओढतात, पण आत शिरताना ती काहीशी हट्टी होते. मागे पातळ तेल असेल तर निसरड्या मातीवर मागची बाजू शांत राहते. म्हणून बहुतेक चालक पुढचे तेल मागच्यापेक्षा दाट ठेवतात, आणि पकड वाढेल तसे दोन्हीकडचे तेल दाट करत नेतात.

एका वेळी एकच बदल करावा, हा जाणकारांचा दंडक आहे. उंची, स्प्रिंग आणि तेल एकदम बदलले, तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. बदलाची परीक्षाही एका झपाट्याच्या फेरीवर करू नये. सलग पाच मिनिटांतील सरासरी पाहावी. अतिशय चपळ पण दर तिसऱ्या फेरीत उलटणाऱ्या गाडीपेक्षा किंचित मंद, पण भरवशाची गाडी बहुधा पुढे असते.

मातीच्या ट्रॅकवर आयोजक अधूनमधून पाणी शिंपडतात. अंतिम फेरीच्या तोंडावर असे झाले, तर दुपारच्या सरावात बसवलेले गणित पुन्हा मांडावे लागते, आणि वेळ तर हाताशी नसतो. अशा वेळी अनुभवी चालक डिफरन्शियल उघडत बसत नाहीत. टायर बदलतात, उंची एखाद्या मिलिमीटरने खाली-वर करतात आणि गाडी रांगेत नेऊन ठेवतात.