जुन्या पिकअपचे सुख, सत्तरीनंतर

महिंद्रने १९४७ मध्ये भारतात विलिज जीपची जोडणी सुरू केली. त्या घडणीचे जुने पिकअप आजही काही घरांत जिवापाड सांभाळले जातात. त्यांच्या स्टिअरिंगला पॉवरची मदत नसते; वळण खांद्यांच्या बळावर घ्यावे लागते, क्लच पूर्ण दाबावा लागतो आणि बिघाड आधी कानाला कळतो. डोळे, कान, हात, पाय एकाच कामात गुंततात आणि मन रमते. हे सुख खरे आहे.

म्हणून घरच्या ज्येष्ठांकडून किल्ली एकाएकी काढून घेऊ नका. आधी पारखून पाहा. चष्म्यासह, दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळते का? झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांची सुस्ती दुसऱ्या सकाळपर्यंत टिकते. तेव्हा गाडी नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. मोतीबिंदू असल्यास समोरचे दिवे डोळे दिपवतात. रात्री गाडी चालवणे टाळावे.

आणि यांपैकी काही जमेनासे झाले, तर? डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि तोवर स्टिअरिंग नातवाकडे द्या. शेजारची जागा मात्र आजोबांचीच. गिअर कधी बदलायचा, हे इंजिनाच्या आवाजावरून तेच सांगतील.