सदक्याचा एक वाटा, ऐकून घेण्याच्या कामासाठी

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस आले की मुस्लीम घरांत हिशेबाच्या वह्या निघतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली असेल, तर तिच्यावर अडीच टक्के जकात द्यायची असते. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो. त्यापलीकडे स्वखुशीने देतो तो सदका. धान्य, कपडे, कुणाची फी, कुणाची औषधे अशा त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. यंदा या यादीत आत्महत्या रोखण्याचे शिक्षण आणि संशोधन या कामाची भर घालावी, असे सुचवावेसे वाटते.

गंगापूर रोडवर महाविद्यालये आहेत, क्लासेस आहेत, गावोगावहून आलेली मुले खोली घेऊन राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत 13,044 विद्यार्थी होते. महाराष्ट्राचा आकडा 22,746, सर्व राज्यांत सर्वाधिक.

पण हात टेकायचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या 41 गावांत 2013 ते 2015 या काळात ‘आत्मीयता’ हा उपक्रम झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तो राबवला. पैसा कॅनडातून आला. गावातल्याच माणसांना शिकवले गेले: खचलेला माणूस कसा ओळखायचा, चार-सहा भेटींत त्याचे कसे ऐकून घ्यायचे, हक्काची सरकारी योजना कशी मिळवून द्यायची आणि त्रास गंभीर असेल तर डॉक्टरांपर्यंत कसे न्यायचे. हे काम मनावरच्या ताणाचे आणि नैराश्याचे होते. पण आत्महत्या रोखण्याची वाट तिथूनच जाते. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ते मोठ्या प्रमाणावर झाले. तिथे मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या धर्मादाय संस्थेने हातभार लावला.

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. तिथे स्वयंसेवक संकटातल्या माणसाचे ऐकून घेतात. कीटकनाशके घरात न ठेवता गावाच्या सामाईक, कुलूपबंद कप्प्यांत ठेवण्याचा प्रयोगही त्यांनी तामिळनाडूत केला. अशा कामात प्रशिक्षण द्यावे लागते, नोंदी ठेवाव्या लागतात, उपाय लागू पडला का हे तपासावे लागते. या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो फोटोत दिसत नाही.

इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध आहे. मात्र हा निषेध दुःखात बुडालेल्या घराला टोमणे मारण्यासाठी नाही. कुराणाच्या सूरह माइदाच्या 32व्या आयतीत एकेका जिवाच्या रक्षणाची थोरवी सांगितली आहे. आपली जबाबदारी तिथून सुरू होते. आपल्या कायद्यानेही 2017 मध्ये भूमिका बदलली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याच्यावर उपचार करावेत, असे मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. त्याला वेळेवर दिलेली जकात घरावरचे मोठे ओझे उतरवू शकते. संस्थेला जकात चालते का, हे आपल्या आलिमांना विचारावे. सदक्याला मात्र अशी अडचण नाही. लोकांच्या उपयोगी पडत राहणारे ज्ञान ही सदका-ए-जारिया, म्हणजे देणाऱ्याच्या माघारीही चालू राहणारे पुण्य, मानली जाते. सत्पात्री दान म्हणा, सदका म्हणा, अर्थ एकच.

ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्याजवळ कान आहेत. “जगणे नकोसे वाटते का?” असे आपुलकीने विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. इफ्तारच्या दस्तरखानावर एखादा गप्प गप्प बसला असेल, तर खजुराबरोबर त्याला थोडा वेळही द्या.